उपयोगाला येण्याआधीचं गाणं

अर्जेंटिनातल्या रॉक संगीताशी माझी ओळख सोयाबीनच्या तेलानं करून दिली, असं सांगितलं की माणसं हसतात. पण ते खरं आहे. नव्वदच्या दशकाच्या मध्यात खाद्यतेलाची आयात खासगी व्यापाऱ्यांना खुली झाली आणि मस्जिद बंदरच्या ज्या पेढीत मी नोकरीला होतो, तिथं परदेशी फोन खणखणायला लागले. पामतेल मलेशियातून यायचं, सोयातेल अर्जेंटिनातून. पाराना नदीच्या काठी रोसारियो आणि सान लोरेन्सोच्या धक्क्यांवर जहाजं भरायची. भरताना तेलाचा नमुना काढायचा, तपासायचा आणि बाटलीला लाख लावून शिक्का मारायचा, हे काम आमच्यासाठी तिथला एक सर्व्हेअर करायचा. त्याचे फॅक्स अर्धे इंग्रजीत, अर्धे स्पॅनिशमध्ये असत. ते लागावेत म्हणून पेढीनं मला स्पॅनिशच्या वर्गाला घातलं.

हा गृहस्थ एकदा मालाच्या प्रतीवरून झालेल्या वादाच्या निमित्तानं कांडल्याला आला आणि परतताना मुंबईत माझ्या घरी जेवला. कपाटावर ठेवलेली गिटार त्याला दिसली. ‘कोण वाजवतं?’ त्यानं विचारलं. ‘मी वाजवायचो,’ मी म्हणालो. तो पुढं काही बोलला नाही. पण नंतरच्या कुरियरमध्ये नमुन्याच्या बाटल्यांबरोबर एक व्हीएचएस कॅसेट आली. वर हातानं लिहिलं होतं : ‘रॉक आस्ता के से पोंगा एल सोल’. सूर्य मावळेपर्यंत रॉक.

माझ्या वाजवण्याचा इतिहास तसा लहान आहे. मी गिरगावातल्या चाळीत वाढलो. घरात वडिलांचं नाट्यसंगीत आणि रेडिओवरची भावगीतं होती. धोबी तलावाला फुर्तादोच्या दुकानाच्या काचेत गिटारी टांगलेल्या असत, त्या बघत मी शाळेतून कॉलेजात गेलो. झेवियर्सच्या मागं रंगभवनचं उघडं नाट्यगृह होतं. तिथं १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ व्हायला लागलं आणि आमच्या वयाच्या पोरांना देऊळ सापडलं. आम्हीही एक बँड काढला. बँडचं नाव इंग्रजी, गाणी इंग्रजी आणि गाण्यांतले हमरस्ते अमेरिकेतले. सराव संपला की वर्गणीवरून भांडण व्हायचं, ते मात्र मराठीत. मराठीत गावं असं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नाही. मराठी ही घरची भाषा होती आणि रॉक म्हणजे घराबाहेर पडणं. पुढं एकेकाला नोकरी लागली आणि बँड कुणीही न मोडता मोडला.

अशा माणसाच्या हातात ती कॅसेट पडली. चित्र फिकं झालेलं, मध्येच वरून खाली सरकणारं. पण काय चाललंय ते पहिल्या काही मिनिटांत कळलं. फुटबॉल क्लबचं मैदान, उघडं ऊन, गवतावर बसलेली पोरं-पोरी. रंगभवनात काळोख पडल्यावरच आमचं रॉक सुरू व्हायचं, त्यामुळं लख्ख उजेडात गिटार वाजताना बघणं मला विचित्रच वाटलं. काळोखात श्रोते म्हणजे एक मोठा आवाज असतो. उजेडात त्यांना चेहरे असतात.

हे चित्रण १९७२च्या नोव्हेंबरमधलं. ‘पेलो’ नावाच्या संगीत मासिकाचा संपादक दानिएल रिपोल यानं १९७०मध्ये ‘बी. ए. रॉक’ हा महोत्सव सुरू केला. पहिली दोन वर्षं तो ब्युनोस आयर्सच्या सायकल-शर्यतीच्या मैदानावर भरला आणि तिसऱ्या वर्षी अर्जेंटिनोस ज्युनियर्स या क्लबच्या मैदानात. चार वर्षांनी याच क्लबनं मॅराडोना नावाच्या पंधरा वर्षांच्या पोराला पहिल्या दर्जाच्या सामन्यात उतरवलं, हे मी चाळीतल्या मित्रांना सांगितलं, तेव्हा कुठं त्यांना कॅसेटमध्ये रस वाटला. या तिसऱ्या महोत्सवावर आनिबाल उसेत या दिग्दर्शकानं सिनेमा केला आणि तो १९७३च्या सुरुवातीला थेटरात लागला. त्यात कोण नाही? ‘पेस्कादो राबियोसो’ घेऊन आलेला लुईस आल्बेर्तो स्पिनेता, ब्लूजमध्ये बुडालेला पाप्पो, बायबलवर अख्खी रेकॉर्ड काढणारे ‘वोक्स देई’, त्या पुरुषांच्या गर्दीतली गायिका गाब्रिएला. आज यांतल्या बहुतेकांची नावं तिथं आदरानं घेतात. तेव्हा ती विशी-बाविशीची पोरं होती.

मला दोन प्रसंगांनी धरून ठेवलं. एक लेओन गिएको. सांता फे प्रांतातल्या लहान गावातून गिटार घेऊन राजधानीत आलेला हा मुलगा ‘ओम्ब्रेस दे हिएरो’, म्हणजे लोखंडी माणसं, हे गाणं म्हणतो. त्याच वर्षी मेंदोसा शहरात वीजदरवाढीवरून लोक रस्त्यावर आले होते आणि लष्करानं त्यांना चिरडलं होतं. गाण्यामागं ती घटना आहे. दुसरं ‘सुई जेनेरिस’, म्हणजे चार्ली गार्सिया आणि नितो मेस्त्रे. ते मृत्यूवरचं गाणं म्हणतात. सक्तीच्या लष्करी सेवेतून सुटायचं म्हणून गार्सियानं वेड पांघरलं, लष्कराच्या इस्पितळात जाऊन पडला आणि तिथं विशीच्या आत-बाहेर हे गाणं लिहिलं. तेल आणि टनांची भाषा शिकलेल्या मला त्या गाण्यातलं निम्मंच कळत होतं. पण समोर बसलेल्यांना सगळं कळत होतं आणि ते कळणं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. रंगभवनात आम्ही गाणाऱ्याच्या आवाजात आवाज मिसळून ओरडायचो. शब्द पाठ असायचे, पण त्यांतला एकही आपल्याला उद्देशून नाही हे माहीत असायचं. इथं एक विशीतला पोरगा दुसऱ्या विशीतल्या पोराशी बोलत होता.

मग मी वाचायला लागलो. रोसारियोला फॅक्स जात, त्यांत शेवटी एखादा प्रश्न तेलाच्या बाहेरचा असे. सर्व्हेअर त्याचीही उत्तरं शिक्का मारल्यासारखी नेमकी देई. त्यानंच सांगितलं की, या साऱ्याचं मूळ त्याच्याच गावात आहे. रोसारियोचा लित्तो नेब्बिया राजधानीत गेला आणि १९६७मध्ये त्याच्या ‘लोस गातोस’ या बँडनं ‘ला बाल्सा’ हे गाणं काढलं. ओन्से चौकातलं ‘ला पेर्ला’ हे कॉफीचं दुकान म्हणजे रात्र-रात्र बसणाऱ्या पोरांचा अड्डा होता. नेब्बिया आणि तांगितो यांनी हे गाणं त्या दुकानाच्या संडासात बसून रचलं, असं तिथं सगळेच सांगतात. रेकॉर्ड लाखोंनी खपली. तोवर तिथं रॉक म्हणजे परदेशी गाण्यांची नक्कल, असाच समज होता. आपल्या भाषेतलं आपण रचलेलं गाणं विकलं जातं, हे एकदा सिद्ध झाल्यावर ‘आल्मेंद्रा’, ‘मानाल’ असे बँड उगवले. तांगितोच्या वाट्याला यातलं फारसं काही आलं नाही. पोलीस चौकी, मनोरुग्णालय असं करत १९७२च्या मे महिन्यात तो रेल्वेखाली सापडून मेला. सिनेमातला महोत्सव त्यानंतर सहा महिन्यांनी झाला.

ते वर्षच कठीण होतं. देशावर १९६६पासून लष्कराची सत्ता होती. लांब केसांच्या पोरांना पोलीस रस्त्यावरून उचलत आणि चौकीत नेऊन भादरत. ऑगस्टमध्ये त्रेलेव येथे सोळा राजकीय कैद्यांना गोळ्या घालून मारलं. ऑक्टोबरमध्ये लुना पार्कच्या रॉक कार्यक्रमात पोलीस आणि श्रोत्यांची जुंपली, खुर्च्यांचा चुराडा झाला. आणि महोत्सवाच्याच महिन्यात, १७ नोव्हेंबरला, सतरा वर्षं देशाबाहेर असलेला हुआन पेरॉन विमानातून उतरला. सगळा देश त्या विमानाकडं बघत होता. मैदानातली ही मंडळी कुणाच्याच हिशेबात नव्हती. पोलिसांना ती उनाड वाटत. डाव्या चळवळीतल्या पोरांना इलेक्ट्रिक गिटार हे अमेरिकेचं खेळणं वाटे. टँगोवर वाढलेल्या वडीलधाऱ्यांना तो नुसता गोंगाट वाटे. पुढं ज्याला ‘राष्ट्रीय रॉक’ म्हणून मिरवलं गेलं, ते तेव्हा राष्ट्राच्या कुठल्याच पक्षाला नको होतं.

हे मी सर्व्हेअरला मोठ्या उत्साहानं लिहिलं तर त्याचं उत्तर आलं : मासिकाला खप हवा होता, निर्मात्याला तिकिटं हवी होती, उगाच संत करू नकोस. त्याचं बरोबर होतं. बाजार होताच. पण बाजारानं गाणं विकणं वेगळं आणि सत्तेनं गाणं हातात घेणं वेगळं, हा फरक मला पुढं त्याच्याच तोंडून कळायचा होता.

कामानिमित्त मी अखेर रोसारियोला गेलो. धक्क्यावर दिवसभर टाक्यांचं तापमान मोजून झाल्यावर त्याच्या घरी बसलो. तिथंही तीच कॅसेट, तिची मूळ प्रत. मजा म्हणजे हा माणूस सिनेमा ऐकतच नव्हता. तो स्वतःला शोधत होता. अठराव्या वर्षी, घरी न सांगता, तीनशे किलोमीटर रेल्वेनं जाऊन तो त्या मैदानात बसला होता. डाव्या बाजूला, झाडाजवळ, असं तो सांगे. कॅमेरा श्रोत्यांवर फिरला की तो पुढं सरके. इतक्या वर्षांत तो स्वतःला सापडला नव्हता, पण बाकीची तोंडं त्याला पाठ झाली होती. ‘हा बघ, याला मी रोज बघतो. हा कोण, आता कुठं असेल, असेल की नाही, ठाऊक नाही.’

‘असेल की नाही’ हे तिथं सहज बोलून जायचं वाक्य नाही. २४ मार्च १९७६ला लष्करानं पुन्हा सत्ता घेतली आणि माणसं नाहीशी व्हायला लागली. चौकशी आयोगानं १९८४मध्ये ८,९६१ जणांची नोंद केली. मानवी हक्क संघटना ३०,००० म्हणतात. रॉकवाल्यांपैकी कित्येक जण देश सोडून गेले. गिएकोला धमक्या आल्या, त्याच्या गाण्यांवर कात्री चालली. १९७८मध्ये चिलीशी युद्ध पेटायच्या बेतात असताना त्यानं ‘सोलो ले पिदो आ दिओस’ लिहिलं. युद्धाबद्दल मी बेफिकीर राहू नये एवढंच देवाकडं मागतो, असा त्या गाण्याचा आशय आहे.

आणि मग १९८२. एप्रिलमध्ये सेनापतींनी माल्विनास, म्हणजे ब्रिटिशांची फॉकलंड बेटं, ताब्यात घेतली. युद्ध लागलं, रेडिओवरून इंग्रजी गाणी हटली. आता चोवीस तास वाजवायचं काय? कपाटातून धूळ खात पडलेल्या स्पॅनिश रॉकच्या रेकॉर्डी बाहेर निघाल्या. ज्यांचे केस कापले होते, ज्यांची गाणी कापली होती, त्यांचीच गाणी सरकारी हवेवर वाजायला लागली. १६ मेला ओब्रास सानितारियास क्लबच्या मैदानात सैनिकांच्या मदतीसाठी मोठा महोत्सव झाला. रेडिओ-टीव्हीवरून तो देशभर गेला. गिएको होता, स्पिनेता होता, गार्सिया होता. साठ-सत्तर हजार लोक खाऊ, कपडे, ब्लँकेट घेऊन आले. ‘विरुस’ या बँडनं जायला नकार दिला. त्या बँडमधल्या भावांचा एक भाऊ लष्करानं नाहीसा केला होता. सर्व्हेअर गेला होता. त्याच्या ओळखीतला एक मुलगा बेटांवर कुडकुडत होता, म्हणून चॉकलेटं घेऊन गेला. ती पोहोचली नाहीत. जमवलेल्या सामानातलं पुष्कळसं कधीच आघाडीवर गेलं नाही.

‘त्या दिवशी आम्ही शांततेची गाणी म्हटली,’ तो म्हणाला, ‘आणि ज्यांना लढाई हवी होती त्यांनी ती प्रक्षेपित केली. दोघांनाही वाटलं आपलं काम झालं.’ यावर काय बोलावं मला सुचलं नाही. त्या गाण्यांनी लोकांना धीर दिला हेही खरं आणि सेनापतींनी ती वापरली हेही खरं. युद्ध हरल्यावर सेनापती गेले आणि रॉक राहिलं, नव्या लोकशाहीचा आवाज म्हणून मिरवलं. १९८२च्या नोव्हेंबरात ‘बी. ए. रॉक’ पुन्हा भरला. त्यावर एक्तोर ओलिवेरानं ‘ब्युनोस आयर्स रॉक’ हा सिनेमा केला. तो सर्व्हेअरनं मला दुसऱ्या संध्याकाळी दाखवला. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ, गिएको आणि स्पिनेता तेच, दहा वर्षांनी थोराड झालेले. त्या सिनेमातल्या लोकांना आपण कोण आहोत हे माहीत आहे. आपण टिकलो, आपलं महत्त्व आहे, आपल्याकडं इतिहास बघतोय, हे त्यांच्या उभं राहण्यातच आहे. तो सिनेमा चांगला आहे. पण मी परत येताना नवी प्रत मागितली ती पहिल्याचीच. १९७२च्या मैदानात तसं काहीच कुणाच्या अंगात शिरलेलं नव्हतं. ते गाणं अजून कुणाच्या उपयोगाला आलेलं नव्हतं, आणि म्हणून ते फक्त समोरच्याशी बोलत होतं.

मुंबईला परतल्यावर बरेच दिवस एकच प्रश्न छळत राहिला. आपल्याकडं हे का झालं नाही? आमच्या पिढीनं आळस केला, हे सोपं उत्तर. पण १९७२ हे वर्ष धरून मी मुंबईत शोधलं तेव्हा वेगळंच दिसलं. त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. त्याच वर्षी दलित पँथर उभी राहिली. लघुअनियतकालिकांचं दशक नुकतंच संपलं होतं. अरुण कोलटकर सत्तरच्या दशकात गाणी लिहून, ध्वनिमुद्रित करून संगीतकार व्हायची खटपट मनापासून करत होते. त्यांची ती गाणी मात्र इंग्रजीत होती आणि मराठीत ते कविता लिहीत होते. म्हणजे विशी-तिशीतल्यांनी आपल्याच भाषेत एकमेकांशी धारदार बोलणं इथंही चालूच होतं. ते अॅम्प्लिफायरमधून न येता कवितेतून आणि शाहिरीतून येत होतं. इलेक्ट्रिक गिटार इथं इंग्रजी शाळांच्या वाटेनं आली आणि बराच काळ त्याच गल्लीत राहिली. ब्युनोस आयर्समध्ये गिटारवाला आणि त्याच्या बसचा कंडक्टर एकच भाषा बोलत होते. मुंबईत तसं नव्हतं.

अपवाद होते. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचा मुलगा नंदू भेंडे हा मुंबईच्या रॉकमधला दमदार गळा. तो १९७८मध्ये ‘तीन पैशाचा तमाशा’त पु. लं.च्या शब्दांसकट मराठी रंगभूमीवर उभा राहिला. ते प्रयोग पाहिलेले माझे एक काका सांगायचे की पहिल्या काही क्षणांत प्रेक्षक बावरायचे आणि मग नाटक सोडून त्याच्याकडं बघत राहायचे. एक दार किलकिलं झालं होतं. त्यातून मागोमाग कुणी गेलं नाही, एवढंच.

कॅसेट पुढं बुरशीनं गेली. व्हीसीआर त्याआधीच गेला होता. २०११मध्ये मी किरण रावचा ‘धोबी घाट’ बघायला गेलो. मुंबईचा पाऊस, गच्च्या, लोकलचे रूळ, धोब्याची भूमिका करणारा स्मिता पाटीलचा मुलगा, आणि त्यावर एका तंतुवाद्याचे तुटक, सावकाश स्वर. श्रेयनामावलीत नाव आलं : गुस्ताव्हो सान्ताओलाया. ‘ब्रोकबॅक माउंटन’ आणि ‘बाबेल’साठी ऑस्कर घेतलेला संगीतकार म्हणून जग त्याला ओळखतं. मी ओळखत होतो तो ‘आर्को इरिस’ या बँडचा म्होरक्या, त्या सिनेमातला, १९७२च्या उन्हातला. हा बँड रॉकमध्ये अँडीज पर्वताकडचं लोकसंगीत मिसळायचा आणि एका गुरुमाईच्या देखरेखीखाली आश्रमासारखा राहायचा. शाकाहार, ध्यानधारणा, ब्रह्मचर्य, सगळं काटेकोर. तिथल्या बाकीच्या रॉकवाल्यांना त्यांची गंमत वाटायची. तो माणूस चाळीस वर्षांनी माझ्या शहराला सूर देत होता. शेजारी बसलेल्या बायकोला मी हे सांगायला गेलो. ती म्हणाली, ‘घरी गेल्यावर सांग.’

घरी सांगितलं, तेव्हा ऐकणारी मुलगी होती. सिनेमा आता इंटरनेटवर मिळतो, कॅसेटपेक्षा कितीतरी स्वच्छ. तिनं तो माझ्यासोबत पाहिला. स्पॅनिशचा गंध नसताना तिनं पहिला शेरा मारला तो गाण्यावर नव्हताच. ‘कुणी कॅमेऱ्याकडं बघून काही करत नाहीये,’ ती म्हणाली. तिच्या पिढीला हे आधी दिसतं.

आता तिचे मित्र मराठीत रॅप करतात. डोंबिवली, कल्याणकडची पोरं. बोली त्यांची स्वतःची, शिव्या स्वतःच्या आणि गाण्यातले रस्तेही स्वतःचेच, खड्ड्यांसकट. मला त्यांतलं निम्मंच कळतं. त्यांच्या समोरच्यांना मात्र सगळं कळतं, हे मी सोसायटीच्या मैदानात एका दुपारी पाहिलं. आमच्या बँडला जे सुचलं नाही ते यांना सुचवावंही लागलं नाही. निवडणुका येतील तेव्हा पक्ष त्यांच्याकडून घोषणा लिहून घेतील, थंड पेयाच्या कंपन्या येतील, अस्मितेचे ठेकेदार त्यांना फेटे बांधतील. त्यांतला एखादा टिकेलही, मोठाही होईल. त्याबद्दल माझी तक्रार नाही, ओब्रासच्या मैदानाइतकी अवघड वेळ त्यांच्यावर न येवो म्हणजे झालं.

रंगभवनच्या त्या संध्याकाळींचा माझ्याकडं एक फोटोही नाही. म्हणून मी मुलीच्या मागं लागतो की, यांचं चित्रीकरण करून ठेव. नुसतं गाणाऱ्यांचं नको, ऐकणाऱ्यांचंही. ती कुरकुरते. ऊन फार आहे, आवाज फाटतो, पुढच्या महिन्यात एक प्रायोजक मिळतोय, तेव्हा नीट स्टेजवर करू म्हणते. मी म्हणतो, स्टेजवरचं करायला पुष्कळ जण येतील. तू आत्ताचं कर.